कडाप्प्याचा ओटा, बोअरचे पाणी आणि लिंबू-सोड्याची बाटली

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरात दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा आहे. फिनाईलच्या आणि ॲसिडच्या वासाने सासूबाईंना धाप लागते, म्हणून मी बाजारातली सगळी द्रव्ये बंद केली. व्हिनेगर, लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फवारणीच्या बाटलीत भरून ठेवते आणि त्यानेच ओटा, फरशी, बेसिन सगळे पुसते. तरीही बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग नळांवरून जात नाहीत आणि कडाप्प्याच्या ओट्यावर उलट पांढरट चट्टे उमटले आहेत. लिंबाच्या सालींचे बायोएन्झाइम करायला ठेवले होते, त्याची बाटली फुगून घट्ट झाली आहे आणि उघडायची भीती वाटते. संडासात तरी ब्लीचिंग पावडर हवीच, असे पतींचे म्हणणे आहे. माझे माहेर सांगलीवाडीचे. पुराचे पाणी घरात आले तर त्यानंतरच्या सफाईलाही असेच घरगुती उपाय चालतील का, असे आई विचारते. आमचे नेमके काय चुकते आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, दम्याचे माणूस घरात असताना उग्र वासाची द्रव्ये दूर ठेवण्याचा तुमचा निर्णय योग्यच आहे, आणि त्यासाठी तुम्ही घेत असलेली मेहनतही पत्रातून दिसते. तुमच्या बहुतेक प्रश्नांची मुळे एकाच ठिकाणी आहेत, तिकडे मी येतेच. पण त्यांतले एक काम आजच मार्गी लावायला हवे, म्हणून पत्रातला क्रम मोडून आधी त्या फुगलेल्या बाटलीविषयी लिहिते.

बाटली प्लास्टिकची असेल तर ती गॅलरीत किंवा अंगणात न्या, मुलाला घरात थांबवा, झाकणावर ओले जाड फडके टाका आणि चेहरा बाजूला ठेवून झाकण अगदी थोडे, वायू सुटल्याचा आवाज येईल इतकेच, सैल करा. आवाज पूर्ण थांबल्यावरच झाकण काढा. बाटली काचेची असेल तर धोका अधिक आहे, कारण काच न फुगता एकदम फुटते. अशी बाटली न हलवता टॉवेलात गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. थंडाव्याने आंबण्याची क्रिया मंदावते, वायू पाण्यात अधिक विरघळतो आणि आतला दाब उतरतो. सकाळी डोळ्यांना चष्मा लावून, टॉवेल तसाच ठेवून झाकण हळूहळू सैल करा. पुढच्या वेळी या कामासाठी काच वापरूच नका. रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्याचा चौथा हिस्सा रिकामा ठेवा आणि पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्या.

बायोएन्झाइमचे प्रमाण सहसा एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी असे असते, आणि ते तीन महिने मुरू द्यायचे असते. या काळात आत काय घडते ते समजून घेतले, तर त्याच्याकडून अपेक्षा किती ठेवायची हेही समजते. आधी सालींवरचे यीस्ट गुळातली साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. तुमची बाटली फुगवणारा वायू तो हाच. नंतर हवेच्या संपर्काने दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या मद्यार्काचे ॲसिटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लात, रूपांतर करतात. तीन महिन्यांनी गाळून जे हाती येते ते मुख्यतः सालींच्या तेलाचा सुवास असलेले सौम्य घरगुती व्हिनेगर असते. ते पाण्यात पातळ करून सिरॅमिकच्या टाइलवर, बेसिनमध्ये, संडासाच्या भांड्यात जरूर वापरा. मला स्वतःला हा प्रकार आवडतो, कारण रसवंतीवरून किंवा स्वयंपाकघरातून निघालेल्या साली कचऱ्याच्या गाडीत जाण्याऐवजी कामी येतात, आणि आपल्या भागात गुळाला तोटा नाही. मात्र त्याने सगळे जंतू मरतात असे समजून फिनाईलच्या जागी ते वापरू नये. ते कृष्णेत ओतल्याने नदी शुद्ध होते, या प्रचारालाही बळी पडू नये. त्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात, आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. मेलेल्या माशांचा खच कृष्णेच्या काठाला लागल्याची दृश्ये ज्या शहराने पाहिली आहेत, त्या शहरात तरी नदीत प्राणवायू खाणारे काहीही मुद्दाम ओतले जाऊ नये, असे मला फार मनापासून वाटते.

आता ओट्यावरच्या चट्ट्यांकडे येते. कडाप्पा हा काळा चुनखडक आहे. शहाबादी फरशी आणि कोटा हेही चुनखडकच, आणि संगमरवर हे त्याचेच रूपांतरित भावंड. या सगळ्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट हा आहे, आणि कोणतेही आम्ल, मग ते लिंबाचे असो, चिंचेचे असो, व्हिनेगरचे असो की तुमच्या बायोएन्झाइमचे असो, कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते. तुमच्या ओट्यावर उमटलेले चट्टे म्हणजे वरून बसलेला मळ नव्हे. तिथल्या दगडाचा गुळगुळीत पृष्ठभाग खाल्ला गेला आहे आणि खडबडीत झालेल्या जागेवर उजेड विखुरतो म्हणून ती पांढरट दिसते. त्यामुळेच ते कितीही पुसले तरी जात नाहीत, आणि जात नाहीत म्हणून आपण पुन्हा तेच आम्ल फवारतो, तेव्हा चट्टा आणखी पसरतो. तळहाताने त्या जागेवरून आणि शेजारच्या चकचकीत जागेवरून हात फिरवून पाहा, फरक बोटांना लगेच कळेल. जुन्या घरांतल्या मोझॅक टाइलमध्येही सिमेंट आणि संगमरवराच्या कपच्या असल्याने त्यांनाही आम्लाचा हाच त्रास होतो. ग्रॅनाइटची घडण वेगळी असल्याने तो आम्लाला फारशी दाद देत नाही. आपला दगड कोणता याची खात्री नसेल तर ओट्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर लिंबाचा एक थेंब पाच मिनिटे ठेवून पुसावा. तिथे निस्तेज ठिपका उरला तर त्या दगडाला आंबट काहीही लावायचे नाही.

झालेल्या चट्ट्यांवर घरचा कायमचा उपाय नाही. स्वच्छ, कोरड्या ओट्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून लगेच पुसून घेतल्यास चट्टे काही दिवस झाकले जातात, पण तेल जास्त झाले की त्यावर धूळ चिकटते. खरी दुरुस्ती दगडाला पॉलिश करणारा कारागीरच करतो. ओट्याची रोजची सफाई कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब आणि मऊ फडके यांवर भागते, आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसणे हा त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. का ते पुढे बोअरच्या पाण्याविषयी लिहिताना येईल.

त्याआधी तुमच्या बाटलीतल्या मिश्रणाविषयी. व्हिनेगर आणि लिंबू ही आम्ले आहेत आणि खाण्याचा सोडा आम्लारीधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा आहे. दोन्ही एकत्र आले की जोरात फेस येतो आणि तो पाहून काहीतरी प्रभावी घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती दोन द्रव्ये एकमेकांचा गुण मारत असतात. फेस म्हणजे निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि फेस शमल्यावर बाटलीत राहते ते थोडेसे खारट पाणी. प्रमाणात व्हिनेगर जास्त पडले असेल तर थोडे आम्ल शिल्लक राहते, आणि तुमच्या ओट्याला त्यानेच इजा केली आहे. पण नळावरचा जाड थर काढण्याइतके ते उरत नाही. म्हणजे नुकसान होण्यापुरते आम्ल आणि उपयोग होण्याइतके मात्र नाही, अशी त्या मिश्रणाची स्थिती आहे. मिश्रण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरले तर वायूच्या दाबाने झाकण उडू शकते, हा धोका वेगळाच. ते मिश्रण आज मोरीत ओतून टाका आणि व्हिनेगर व सोडा यापुढे वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे वापरा.

तुमच्या अडचणीचे मूळ हेच आहे. एकच पाणी सगळ्या डागांवर चालवण्याचा प्रयत्न होतो आहे. घरातला मळ बहुतेक वेळा एक तर तेलकट असतो, नाही तर पाण्यातल्या क्षारांचा असतो, नाही तर साधी धूळमाती असते. तेलकट मळाला आम्लारी किंवा साबण लागतो, क्षारांच्या थराला आम्ल लागते आणि धुळीला ओल्या फडक्यापलीकडे काहीही लागत नाही. घरात फवारणीच्या दहा बाटल्या जमवण्याची गरज नाही. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व, थोडे रिठे आणि एक साधा साबण इतक्या सामानात सांगलीतले कोणतेही घर वर्षभर स्वच्छ राहू शकते.

क्षारांचे दुखणे आपल्या भागात विशेष आहे. मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या जादा पाण्याने कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या, हे शेतकरी कुटुंबांना वेगळे सांगायला नको. बोअरचे पाणीही जमिनीतून येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणते. असे जड पाणी नळावर, काचेवर, ओट्यावर वाळले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. रोजच्या थेंबांनी त्यांचाच दगडासारखा थर चढतो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे ज्या द्रव्याचा तुमचा कडाप्पा आहे त्याच द्रव्याचा. स्टीलच्या नळावर किंवा सिरॅमिकच्या टाइलवर आम्ल लावले की थर विरघळतो आणि खालचे स्टील किंवा टाइल शाबूत राहते. कडाप्प्यावर आणि शहाबादीवर मात्र आम्लाला डाग कोणता आणि दगड कोणता हे कळण्याचा मार्गच नाही. म्हणून दगडावरचा क्षार आम्लाने काढू नये. तो ओल्या फडक्याने भिजवून, प्लास्टिकच्या बोथट पट्टीने हलक्या हाताने खरवडावा आणि पुन्हा धरू नये म्हणून ओटा दरवेळी कोरडा करावा.

नळासाठी असे करा. जुने सुती फडके न पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून नळाच्या तोटीभोवती घट्ट गुंडाळा आणि अर्धा तास तसेच राहू द्या. फडके सोडल्यावर थर खडूसारखा मऊ झालेला दिसेल. जुन्या दात घासायच्या ब्रशने तो निघतो. मग भरपूर पाण्याने धुऊन नळ पुसून कोरडा करा. थर फार जुना असेल तर हेच पुन्हा करावे, पण फडके रात्रभर गुंडाळून ठेवू नये, कारण नळावरचा चकाकता मुलामा त्याने खराब होऊ शकतो. नळ कडाप्प्याच्या ओट्याला लागून असेल तर खाली ताट किंवा तसराळे धरायला विसरू नका. फडक्यातून ठिबकणारा प्रत्येक थेंब दगडावर नवा ठिपका पाडेल. व्हिनेगरच्या वासाने सासूबाईंना त्रास होत असेल तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे दाणे, अर्ध्या लिटर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवून वापरा. काम तेच होते आणि वास जवळजवळ नसतो. शॉवरची जाळी, पाणी तापवायची किटली, बेसिनची कड यांनाही हेच पाणी चालते.

तेलकट मळासाठी धुण्याच्या सोड्याइतके स्वस्त आणि खात्रीचे दुसरे द्रव्य मला माहीत नाही. खाण्याचा सोडा फार सौम्य आहे. तो ओलसर करून बेसिन किंवा फ्रीज घासायला आणि वास घालवायला चांगला, पण फोडणीच्या तेलाने माखलेल्या एक्झॉस्ट फॅनपुढे त्याचे काही चालत नाही. धुण्याचा सोडा बराच तीव्र असतो, तेलाला सुटे करतो आणि जड पाण्याला मऊही करतो. एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा सोडा घालून त्यात खिडकीची जाळी, पंख्याची पाती, शेगडीच्या जाळ्या वीसेक मिनिटे बुडवून ठेवाव्यात आणि मग काथ्याने घासाव्यात. हातात रबरी मोजे असलेच पाहिजेत, कारण जो सोडा जाळीवरचे तेल काढतो तो हाताच्या कातडीतलेही काढतो. ॲल्युमिनियमची भांडी, रंगवलेले लाकूड, रेशीम आणि लोकर यांना तो लावू नये. ॲल्युमिनियम त्याने काळे पडून खाल्ले जाते. मोरी तुंबली असेल तर आधी हाताने कचरा काढावा, मग सोड्याचे गरम पाणी सोडावे. पाइप प्लास्टिकचा असल्यास पाणी उकळते नसावे.

सोडा घरगुती असला तरी त्याचे पाणी शेवटी गटारातून नदीकडेच जाते, हेही लक्षात असावे. कृष्णेचे मोठे दुखणे प्रक्रिया न झालेले सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी हे आहे, तुमच्या घरातली एक बादली नव्हे. तरी चमच्याने भागत असेल तिथे मूठ टाकू नये. पावडर जास्त म्हणजे सफाई जास्त, हा समज घरगुती द्रव्यांच्या बाबतीतही खरा नाही.

रिठ्याचे पाणी हे साबणाला खरोखरचे उत्तर आहे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेस करणारे द्रव्य असते आणि जड पाण्यातही ते साबणासारखा साका धरत नाही, त्यामुळे बोअरवाल्या घरांना त्याचा दुहेरी फायदा होतो. पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढाव्यात, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी पंधरा मिनिटे उकळून, गार झाल्यावर कुस्करून गाळून घ्याव्यात. हे पाणी फरशी पुसायला, हात धुवायला, रेशमी साडी आणि लोकरीच्या कपड्यांना उत्तम. ते तपकिरी असल्याने पांढऱ्या कपड्यांवर छटा येऊ शकते, डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते, आणि फ्रीजबाहेर तीन-चार दिवसांत त्याला बुरशी धरते. म्हणून थोडेच करावे. खरकट्या तेलकट भांड्यांना ते एकटे पुरत नाही, तिथे गरम पाणी आणि साबणच बरा.

देवघरातल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांना चिंच आणि मीठ लावण्याची आपली जुनी रीत शास्त्रालाही धरून आहे, फक्त ती भांडी कडाप्प्यावर न घासता परातीत घासावीत आणि कल्हई केलेल्या बाजूला चिंच लावू नये. चांदीच्या निरांजनाला आम्ल नको. ॲल्युमिनियमची फॉइल अंथरलेल्या पातेल्यात चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवून वर गरम पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालावा. काळा थर चांदी न झिजता उतरतो.

आता तुमच्या पतींच्या म्हणण्याकडे. ते अर्धे बरोबर आहेत. रोजच्या वापराच्या संडासाला ब्रश आणि थोडा साबण पुरतो, आणि भांड्यात बसलेला पिवळट थर हा क्षारांचाच असल्याने रात्री लिंबूसत्त्वाचे दोन-तीन चमचे टाकून सकाळी घासले की निघतो. पण घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील, कावीळ असेल, किंवा सांडपाणी घरात शिरले असेल, तेव्हा व्हिनेगर, लिंबू, रिठा, बायोएन्झाइम यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. तिथे क्लोरीनच लागते. साधारण 30 टक्के क्लोरीन असलेली ताजी ब्लीचिंग पावडर 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम विरघळवली की संडासाच्या फरशीला पुरेसे द्रावण होते. पाणी थोडे स्थिरावू द्यावे, वरचे नितळ पाणी घ्यावे, आधी साबणाने मळ काढून मगच ते लावावे आणि दहा मिनिटांनी धुवावे. हे द्रावण रोज ताजे करावे लागते. पावडरही उघडी राहिली की तिचा जोर उतरतो.

इथे मी अगदी कळकळीने सांगते, ब्लीचिंग पावडर कोणत्याही आम्लाबरोबर कधीही एकत्र करू नका. संडासासाठी बाजारात मिळणाऱ्या बहुतेक द्रव क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेलेला वायू तो हाच. व्हिनेगर, लिंबूसत्त्व आणि बायोएन्झाइम यांच्याबरोबरही हेच घडते, त्यामुळे घरगुती सामान असलेल्या घरात हा धोका कमी नसून वेगळ्या वाटेने येतो. बंद न्हाणीघरात तो दम्याच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. आज लिंबूसत्त्व वापरले असेल तर भांडे भरपूर पाण्याने धुवा आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी वापरा. चुकून वायू सुटलाच तर काही निस्तरत बसू नका. सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर तडक दवाखाना गाठा.

सासूबाईंच्या त्रासाविषयी आणखी थोडे. 2018 साली नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 6,000 हून अधिक लोकांचा सुमारे 20 वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात घरची किंवा व्यवसाय म्हणून सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली आढळली. त्यावरून धडा घ्यायचा तो असा की द्रव्य कोणतेही असो, ते फवारू नये. फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब श्वासाबरोबर थेट आत जातात. व्हिनेगरचे थेंबही त्याला अपवाद नाहीत. बाटलीचा फवारा काढून टाका, द्रव्य फडक्यावर ओता आणि फडक्याने पुसा. कोरडा झाडू मारल्याने उडणारी धूळ हे दम्याचे मोठे कारण असते, म्हणून शक्य तिथे ओल्या फडक्याने पुसावे आणि झाडताना त्यांना दुसऱ्या खोलीत बसवावे. घरगुती द्रव्यांना सुवास यावा म्हणून नीलगिरीचे तेल किंवा कापूर घालण्याचे सुचवले जाते, ते तुमच्या घरात करू नका. त्या वासाने दमा चाळवू शकतो, आणि चार वर्षांच्या मुलाने कापराची वडी तोंडात टाकली तर त्याला आकडी येऊ शकते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांनाही हीच खबरदारी लागू आहे. धुण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व ही दोन्ही दिसायला साखर-मिठासारखी असतात. ती वरच्या फळीवर, नाव लिहून, कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत न भरता ठेवावीत.

शेवटी तुमच्या आईंचा प्रश्न. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती आणि 2021 साली पुन्हा पाणी घराघरांत शिरले, त्यामुळे त्यांची काळजी साहजिक आहे. पुरानंतर घरगुती उपाय बाजूला ठेवावेत. पुराच्या पाण्यात गटारे, संडास आणि मेलेली जनावरे यांचे सगळे मिसळलेले असते. आधी विजेचा मुख्य खटका बंद असल्याची खात्री करून, गमबूट आणि मोजे घालून, गाळ ओला असतानाच तो बाहेर काढावा, कारण वाळला की तो भिंतीला घट्ट धरतो. मग साबणाच्या पाण्याने घासावे आणि त्यानंतरच ब्लीचिंग पावडर वापरावी. गाळावरच पावडर फेकली तर क्लोरीन गाळातच संपून जाते आणि खालच्या जंतूंपर्यंत पोचत नाही. या वेळी द्रावण नेहमीपेक्षा तीव्र, 10 लिटर पाण्याला 150 ग्रॅम, असे घ्यावे. पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य आणि गाद्या ठेवून घेण्याचा मोह टाळावा. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या, म्हणजे उंदीर-जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, प्रतिबंधक गोळ्यांविषयी आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. भिजलेल्या भिंतींवर दोन दिवसांतच बुरशी धरू लागते, तेव्हा सासूबाईंनी त्या घरी मदतीला जाऊ नये, आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवून भिंती आतपर्यंत सुकल्याखेरीज आईंनी रंगकामाला हात घालू नये.